अन्वर सादात : युद्ध पुकारणारा आणि तहासाठी दारी येणारा

आपल्या प्रार्थनालयाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असे ठरले तेव्हा आमच्यापुढे अनेक नावे आली. त्यांत इजिप्तचे दिवंगत अध्यक्ष अन्वर सादात यांचे नाव निघाले आणि आमच्यातच मतभेद झाले. ज्या माणसाने किप्पूरच्या दिवशी आपल्यावर युद्ध लादले, त्याचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला, असा रोकडा सवाल काहींनी केला. सवाल चुकीचा नव्हता. त्या युद्धात ज्यांच्या घरचे मूल परत आले नाही, त्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पुष्कळ विचार करून आम्ही हा लेख द्यावयाचे ठरविले, ते सादात यांच्या चुका झाकण्यासाठी नव्हे. आपल्या पिढीने पाहिलेल्या जगाच्या इतिहासाला दोन मोठी वळणे या एकाच माणसाने दिली, पहिले 1973 साली आणि दुसरे 1977 साली. ती दोन्ही वळणे आपल्या दारावरून गेली. आपल्या नातवंडांना ती केवळ शाळेच्या पुस्तकातून कळतात. आपण ती पाहिली आहेत, म्हणून सांगण्याचे कामही आपलेच.

बालपण

महंमद अन्वर अल-सादात यांचा जन्म 25 डिसेंबर 1918 रोजी नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील मीत अबू अल-कोम या खेड्यात झाला. वडील लष्करी इस्पितळात कारकून होते. आईचे घराणे मूळचे सुदानकडचे, आणि तिचा सावळा वर्ण मुलाने घेतला होता. घरात तेरा भावंडे. वडील नोकरीनिमित्त सुदानात असल्यामुळे लहानग्या अन्वरला वाढविले ते मुख्यतः आजीने. कोकणातल्या आपल्या गावांत जसे आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत मुले मोठी होत, तसाच हा मुलगा मातीच्या घरात, म्हशींच्या पाठीवर आणि कालव्याच्या काठावर वाढला.

त्या गोष्टींपैकी एक गोष्ट त्याच्या मनात कायमची बसली. जवळच देन्शवाई नावाचे गाव होते. 1906 साली तेथे कबुतरांची शिकार करावयास आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांशी गावकऱ्यांची झटापट झाली, एक अधिकारी मरण पावला, आणि सरकारने चार गावकऱ्यांना त्यांच्याच गावात फासावर चढविले. त्यांपैकी झहरान नावाच्या तरुणावर लोकांनी गाणे रचले होते. ते ऐकत ऐकतच इंग्रजांबद्दलची चीड त्या मुलाच्या अंगात भिनली.

1925 साली कुटुंब कैरो शहरात राहावयास आले. येथे आपल्याला जवळची वाटेल अशी एक हकिगत सांगितली पाहिजे. 1931 साली महात्मा गांधी मुंबईहून बोटीने गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. त्यांची बोट सुएझ कालव्यातून गेली. इजिप्तच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आणि वर्णने भरून आली. बारा-तेरा वर्षांच्या अन्वरवर त्याचा असा परिणाम झाला, की त्याने अंगावरचे कपडे काढून कमरेला एक फडके गुंडाळले, स्वतःच एक टकळी बनविली आणि घराच्या गच्चीवर एका कोपऱ्यात जाऊन बसला. काही दिवस तो तेथेच होता. शेवटी वडिलांनी समजूत घातली, तेव्हा खाली उतरला. ही आठवण त्यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे.

बंदूक, तुरुंग आणि कोठडी क्रमांक 54

गांधीजींची ही छाप मात्र वरवरचीच राहिली. तारुण्यात सादात यांनी धरलेला मार्ग अगदी उलटा होता. 1936 च्या तहानंतर इजिप्तच्या लष्करी अकादमीची दारे सामान्य घरांतील मुलांना उघडी झाली. सादात तेथे दाखल झाले आणि 1938 साली अधिकारी होऊन बाहेर पडले. पहिल्याच नेमणुकीच्या काळात त्यांची गमाल अब्दुल नासर या तरुण अधिकाऱ्याशी ओळख झाली. इंग्रजांना देशाबाहेर काढावयाचे, हा दोघांचा एकच ध्यास होता.

दुसऱ्या महायुद्धात सादात यांनी शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, असा हिशेब केला. कैरोत लपून राहिलेल्या जर्मन हेरांशी त्यांनी संधान बांधले. ते 1942 साली उघडकीस आले. त्यांचा लष्करी हुद्दा काढून घेण्यात आला आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. पुढे ते निसटले आणि खोट्या नावाने, कधी ट्रक चालवून तर कधी हमाली करून, त्यांनी दिवस काढले.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ती लपविणे बरे नव्हे. महायुद्ध संपून आठ वर्षे झाल्यावर, युरोपातील आपल्या साठ लाख बांधवांच्या संहाराची सर्व माहिती जगापुढे आलेली असताना, 1953 साली एका इजिप्शियन साप्ताहिकात सादात यांनी हिटलरची स्तुती करणारा मजकूर लिहिला होता. हेच सादात 24 वर्षांनी येरुशलाईमच्या याद वाशेम स्मारकात उभे राहिले. माणूस किती दूरवर चालत आला, हे पाहावयाचे तर तो कोठून निघाला तेही ठाऊक असावे लागते.

1946 साली इंग्रजधार्जिणे माजी मंत्री अमीन उस्मान यांच्या खुनाच्या कटात सादात यांना अटक झाली. 1948 साली ते निर्दोष सुटले, पण तोपर्यंतचा दीर्घकाळ त्यांनी कैरोच्या मध्यवर्ती तुरुंगात कोठडी क्रमांक 54 मध्ये काढला. ओल धरलेल्या भिंती, एकांतवास, सुरुवातीला ना पुस्तक ना वर्तमानपत्र. या कोठडीत आपण स्वतःला ओळखावयास शिकलो, असे ते पुढे सांगत. ज्याला स्वतःच्या मनाची घडण बदलता येत नाही, त्याच्या हातून बाहेरचे जग कधीच बदलत नाही, हा धडा आपल्याला तेथे मिळाला, असे त्यांनी लिहिले आहे. त्यावेळी हे वाक्य कोणाच्या लेखी नव्हते. तीस वर्षांनी त्याला मोल आले.

सुटकेनंतर 1949 साली त्यांनी जिहान या तरुणीशी दुसरा विवाह केला. जिहानबाईंची आई इंग्रज होती. इंग्रजांशी जन्मभर वैर मांडलेल्या माणसाच्या नशिबी इंग्रज सासू आली!

नासर यांच्या सावलीत

1950 साली सादात यांना लष्करात परत घेण्यात आले. 23 जुलै 1952 च्या पहाटे नासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजे फारुक यांची सत्ता उलथून टाकली. गंमत अशी, की क्रांती सुरू झाली त्या रात्री सादात बायकोला घेऊन सिनेमाला गेले होते. घरी परतल्यावर नासर यांची चिठ्ठी मिळाली आणि ते धावतच निघाले. सकाळी कैरो रेडिओवरून क्रांतीची पहिली घोषणा वाचून दाखविण्याचे काम मात्र त्यांच्याकडे आले.

यानंतरची 18 वर्षे ते नासर यांच्या मागे उभे राहिले. वर्तमानपत्राचे संपादक, संसदेचे सभापती, शेवटी उपाध्यक्ष अशी पदे त्यांना मिळाली. पण हा केवळ मान डोलावणारा माणूस आहे, अशीच त्यांची ख्याती होती. 1956 चे सुएझचे युद्ध झाले, 1967 चे सहा दिवसांचे युद्ध झाले. त्या सहा दिवसांत इजिप्तने सुमारे 60,000 चौरस किलोमीटरचा संपूर्ण सिनाई प्रदेश गमावला. 1967 पूर्वीच्या इस्राएलच्या जवळजवळ तिप्पट एवढी ही भूमी. सुएझ कालवा बंद पडला आणि मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बोटींना पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जावे लागू लागले.

28 सप्टेंबर 1970 रोजी नासर हृदयविकाराने एकाएकी वारले. कैरोत लाखो लोक छाती पिटत रस्त्यावर आले. सादात अध्यक्ष झाले, तेव्हा ते फार तर काही आठवडे टिकतील, असा जाणत्यांचा अंदाज होता. 1971 च्या मे महिन्यात त्यांनी सत्तेतील आपल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांना एका झटक्यात तुरुंगात टाकले. 1972 च्या जुलैत सुमारे 15,000 रशियन लष्करी सल्लागारांना देश सोडून जाण्यास सांगितले. जगातल्या एका महासत्तेला असे घराबाहेर काढण्याची हिंमत या माणसात असेल, असे कोणाला वाटले नव्हते.

मधल्या काळात, 1971 च्या फेब्रुवारीत, त्यांनी कालव्यापासून इस्राएली फौजा काही अंतर मागे घेतल्यास कालवा पुन्हा उघडण्याची तयारी दाखविली होती. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. कैरोकडून येणाऱ्या शब्दावर येरुशलाईमचा विश्वास नव्हता आणि दुबळ्याचे कोणी ऐकत नाही, असा निष्कर्ष सादात यांनी काढला. ते युद्धाच्या तयारीला लागले.

दारफाळणीच्या सणाचे युद्ध

किप्पूरला आपले कोकणातले वाडवडील दारफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यावयाची, परक्याशी व्यवहार नाही, स्पर्श नाही, पांढरी वस्त्रे नेसून उपासात आणि प्रार्थनेत दिवस घालवावयाचा. 6 ऑक्टोबर 1973 चा तो किप्पूरचा दिवस शब्बाथलाच आला होता. वाचकांपैकी जे तेव्हा येथे होते, त्यांना तो आठवत असेलच. सकाळपासूनच रस्त्यांवरून मोटारी धावू लागल्या होत्या. एरवी त्या दिवशी सायकलीखेरीज काही दिसत नाही. प्रार्थना चालू असताना जवानांना बोलावणी आली. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले. मुका असलेला रेडिओ बोलू लागला आणि संकेतशब्दांनी पलटणींना हाका घालू लागला. कित्येक तरुणांनी सिसीथ घडी करून ठेवले आणि उपाशीपोटीच आघाडीवर गेले.

त्याच वेळी दक्षिणेला सुएझ कालव्यावर 200 हून अधिक इजिप्शियन विमाने झेपावली होती, आणि उत्तरेला सीरियाने गोलानवर हल्ला चढविला होता. कालव्याच्या पूर्व काठावर इस्राएलने वाळूचा प्रचंड बांध घातला होता आणि बार-लेव्ह तटबंदी उभारली होती. तो बांध फोडावयास दारूगोळाही पुरणार नाही, असा समज होता. इजिप्तच्या इंजिनियर अधिकाऱ्यांनी पाण्याचे जोरदार पंप लावून ती वाळू धुऊन काढली आणि वाटा पाडल्या. काही तासांत त्यांची फौज पलीकडे गेली. पहिल्याच दिवशी मेलेल्यांत सादात यांचा धाकटा सावत्र भाऊ आतेफ हाही होता. तो वैमानिक होता.

पहिले दिवस इस्राएलला अत्यंत कठीण गेले. नंतर बाजू पालटली. 15 ऑक्टोबरच्या रात्री इस्राएली सैन्याने कालवा ओलांडून आफ्रिकेच्या भूमीवर पाय ठेवला आणि इजिप्तच्या तिसऱ्या सैन्याला वेढा घातला. या युद्धात इस्राएलचे अडीच हजारांहून अधिक जवान कामास आले. इजिप्त आणि सीरियाचे याहून कितीतरी अधिक. लहानशा देशात अडीच हजार म्हणजे काय, ते आपल्याला सांगावयास नको. क्वचितच एखादी वस्ती असेल, की जेथे कोणाच्या ना कोणाच्या घरी शिवा बसली नाही.

या युद्धाचा धक्का साऱ्या जगाला बसला. रशियाने आपली फौज मधे घालण्याची धमकी दिली आणि 24 ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेने आपल्या अण्वस्त्रांसह सर्व दलांना सावध राहण्याचा हुकूम सोडला. अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. तीन डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेलाचे पिंप 1974 च्या जानेवारीपर्यंत बारा डॉलरच्या जवळ गेले. युरोपात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि तिकडे भारतातही पेट्रोल-रॉकेल महाग झाले. स्वस्त तेलावर चाललेले जग त्या महिन्यात संपले. येथे इस्राएलमध्ये चौकशी आयोग बसला आणि 1974 साली पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला.

सादात यांनी मात्र या युद्धातून वेगळाच अर्थ काढला. लष्करी दृष्ट्या शेवट त्यांच्या विरुद्ध गेला होता, पण 1967 ची नामुष्की पुसली गेली होती. आता ते पराभूत म्हणून नव्हे तर बरोबरीच्या नात्याने बोलू शकत होते. कैरोपासून 101 किलोमीटरच्या दगडाजवळ तंबूत दोन्ही बाजूंचे सेनाधिकारी समोरासमोर बसले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. 5 जून 1975 रोजी, म्हणजे 1967 च्या युद्धाच्या आठव्या वाढदिवशी, सादात यांनी सुएझ कालवा पुन्हा वाहतुकीस खुला केला.

एका शनिवारची संध्याकाळ

1977 च्या जानेवारीत इजिप्तमध्ये भाकरीवरून दंगली पेटल्या. कर्जाच्या ओझ्याखाली सरकारने अन्नधान्यावरील सवलती कमी केल्या आणि दोन दिवसांत शहरेच्या शहरे रस्त्यावर आली. अनेक माणसे मेली. सवलती परत द्याव्या लागल्या. तिजोरीतला पैसा तोफांवर घालावा की भाकरीवर, हा प्रश्न सादात यांना आता टाळता येण्यासारखा नव्हता. त्याच वर्षी इस्राएलमध्ये मेनाहेम बेगीन पंतप्रधान झाले. एक इंच भूमी न सोडणारा पुढारी म्हणून त्यांचा लौकिक होता.

9 नोव्हेंबर 1977 रोजी इजिप्तच्या संसदेत बोलताना सादात यांनी भाषणाच्या ओघात सांगून टाकले, की शांततेसाठी आपण जगाच्या टोकापर्यंत, इतकेच काय खुद्द इस्राएलच्या क्नेसेतपर्यंतही जावयास तयार आहोत. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. पॅलेस्टिनींचे पुढारी यासर अराफतही तेथे बसले होते. ही बोलण्याची रीत आहे, असे सर्वांना वाटले. पण सादात यांनी ते शब्दशः म्हटले होते. बेगीन यांनी निमंत्रण दिले. दोन्ही देशांत वकिलाती नसल्यामुळे ते अमेरिकन वकिलातींमार्फत गेले. इजिप्तच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामा दिला. इकडे इस्राएलचे सरसेनापती मोर्देखाय गूर यांनी हा कदाचित 1973 सारखाच डाव असेल, असा इशारा वर्तमानपत्रातून दिला. संशय दोन्ही बाजूंना होता.

19 नोव्हेंबर 1977. शब्बाथ नुकताच संपला होता. रात्री आठच्या सुमारास इजिप्तच्या अध्यक्षांचे विमान बेन गुरियन विमानतळावर उतरले. अंतर पाहिले तर प्रवास तासाभराचाही नाही. पण तो करावयास 29 वर्षे आणि चार युद्धे लागली होती. ज्यांच्या घरी दूरदर्शन संच नव्हता, ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसले. विमानाचे दार उघडले आणि क्षणभर कोणी दिसेना. मग तो उंच, सावळा, मिशीवाला माणूस पायऱ्यांवर आला. वाद्यवृंदाने इजिप्तचे राष्ट्रगीत वाजविले आणि मग हातिक्वा. दोन्ही वेळा तो माणूस ताठ उभा होता. आमच्यापैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आले. काही जण मात्र उठून आत गेले, कारण त्यांना ते पाहवले नाही. दोघांचेही बरोबर होते.

खाली रांगेत गोल्डा मेयर, मोशे दायान, एरियल शारोन उभे होते. ज्यांच्याशी लढलो, त्यांचेच हात सादात हातात घेत होते आणि हसून बोलत होते. दुसऱ्या दिवशी मुसलमानांची बकरी ईद होती. त्यांनी अल-अक्सा मशिदीत नमाज पढला, मग ते याद वाशेमला गेले आणि दुपारी क्नेसेतमध्ये अरबी भाषेत बोलले.

त्यांनी तेथे गोड गोड बोलून वेळ मारून नेली नाही. 1967 मध्ये घेतलेली सर्व भूमी परत द्या, पॅलेस्टिनींचा हक्क मान्य करा, मी केवळ इजिप्तपुरता वेगळा तह करावयास आलेलो नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण त्याचबरोबर, तुम्ही या प्रदेशात सुरक्षितपणे राहावे, हे आम्ही मान्य करतो, असेही ते म्हणाले. अरब राष्ट्राच्या प्रमुखाने हे वाक्य आपल्या संसदेत उभे राहून उच्चारावे, हे प्रथमच घडत होते. दोन्ही समाजांमध्ये संशयाची जी मानसिक भिंत आहे, तीच या भांडणाचा शंभरातला सत्तर हिस्सा आहे, असा त्यांचा हिशेब होता. निघण्यापूर्वी गोल्डाबाईंनी त्यांना नुकत्याच झालेल्या नातीसाठी भेट दिली, एका आजीने आजोबाला द्यावी तशी.

तेरा दिवस आणि एक करार

सदिच्छा वेगळी आणि तहाची कलमे वेगळी. दहा महिने बोलणी रेंगाळली. शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 5 सप्टेंबर 1978 रोजी दोघांना कॅम्प डेव्हिड येथील आपल्या डोंगरातल्या निवासस्थानी बोलाविले. तिसऱ्या दिवसानंतर बेगीन आणि सादात यांना एका टेबलाशी बसविणे अशक्य झाले. कार्टर एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत कागद घेऊन फिरू लागले. अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधावयास सांगितले. कार्टर यांनी त्यांना कसेबसे थांबविले. शेवटच्या दिवशी बेगीन निघण्याच्या बेतात होते. तेव्हा कार्टर यांनी बेगीन यांच्या आठही नातवंडांची नावे एकेका फोटोवर लिहून ते फोटो त्यांच्या हाती दिले. नावे वाचता वाचता बेगीन यांचा कंठ दाटून आला. 17 सप्टेंबरला सह्या झाल्या.

त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक सादात आणि बेगीन यांना मिळून देण्यात आले. 26 मार्च 1979 रोजी व्हाईट हाऊसच्या हिरवळीवर तहावर सह्या झाल्या. एप्रिलअखेर इस्राएली निशाणाचे मालवाहू जहाज सुएझ कालव्यातून गेले. 27 मे रोजी सादात बेर शेवा येथे आले आणि बेन गुरियन विद्यापीठात त्यांचे भाषण झाले. बेर शेवात आपल्या बेने इस्राएली लोकांची वस्ती मोठी. एकेकाळी ज्यांच्या विमानांकडे लोक भीतीने पाहत, त्या देशाचे निशाण त्या दिवशी त्याच गावात इस्राएलच्या निशाणाशेजारी होते.

किंमत दोन्हीकडे मोजली गेली. इस्राएलने सिनाईचे तेल, विमानतळ आणि वसाहती सोडल्या. 1982 च्या एप्रिलमध्ये यामित गावातून लोकांना सैन्याने उचलून बाहेर काढले आणि घरे पाडली. ते दृश्यही आपण पाहिले. तिकडे अरब लीगने इजिप्तला निलंबित केले आणि आपले मुख्यालय कैरोहून ट्युनिसला हलविले. अरब जगात सादात यांना द्रोही ठरविण्यात आले. पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेची जी बोलणी व्हावयाची होती, ती अडली ती अडलीच. वेगळा तह करणार नाही असे सांगून आलेल्या माणसाच्या पदरात शेवटी वेगळाच तह पडला, हा त्यांच्यावरचा आरोप खोटा म्हणता येणार नाही.

शेवट

शेवटच्या वर्षांत सादात एकटे पडत गेले. तहाने सुबत्ता येईल, अशी जनतेची समजूत होती, ती पुरी झाली नाही. टीका त्यांना सहन होईना. 1981 च्या सप्टेंबरात त्यांनी पंधराशेहून अधिक लोकांना तुरुंगात टाकले. त्यांत धर्मपंथी होते, डावे होते, पत्रकार होते, वकील होते. कॉप्टिक ख्रिस्ती धर्मगुरूंना त्यांनी मठात पाठवून दिले. शत्रूवर विश्वास टाकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या माणसांवर विश्वास टाकणे मात्र जमले नाही.

6 ऑक्टोबर 1981 रोजी कालवा ओलांडल्याच्या आठव्या वाढदिवसाचे संचलन कैरोत चालू होते. आकाशात विमाने कसरती करीत होती आणि सर्वांच्या माना वर होत्या. तोफा ओढणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून एक ट्रक थांबला. त्यातून लेफ्टनंट खालिद इस्लामबुली आणि त्याचे साथीदार उतरले आणि बंदुका चालवीत सज्जाकडे धावले. सलामी द्यावयास येत आहेत असे समजून सादात उठून उभे राहिले, असे सांगतात. त्यांचे वय 62 वर्षांचे होते. आपल्याकडे दोनच दिवसांनी किप्पूर होता.

10 ऑक्टोबरला अंत्ययात्रा निघाली, त्या दिवशी शनिवार होता. अमेरिकेचे तीन माजी अध्यक्ष आले. सुदानचे अध्यक्ष निमेरी वगळता अरब राष्ट्रांचे प्रमुख जवळजवळ कोणी फिरकले नाहीत. नासर यांच्या वेळी लाखोंनी भरलेले कैरोचे रस्ते त्या दिवशी सुने होते. पण मेनाहेम बेगीन आले होते. शब्बाथ मोडावयाचा नव्हता, म्हणून त्यांनी पायी जाता येईल अशा ठिकाणी मुक्काम केला आणि ते चालत गेले. ज्याने किप्पूरच्या दिवशी युद्ध सुरू केले, त्याच्या प्रेतयात्रेला येरुशलाईमचा पंतप्रधान शब्बाथ पाळून पायी जातो, यापेक्षा मोठे वळण कोणते?

आम्हाला काय वाटते

हा तह थंड आहे, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो, आणि ती खरी आहे. कैरोच्या बाजारात आपले कोणी मोकळेपणी फिरत नाही. दोन्ही जनतेमध्ये स्नेह जुळलेला नाही. पण 1948 पासून 1973 पर्यंत पंचवीस वर्षांत इजिप्तशी चार युद्धे झाली, आणि त्यानंतर एकही नाही. सादात यांचा खून झाला तरी करार टिकला. पुढच्या वर्षी लेबनॉनचे युद्ध झाले, पुढे इजिप्तमध्ये 2011 ची क्रांती झाली, आणि 2023 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या भयंकर युद्धाच्या काळातही तो मोडला गेला नाही. त्या सीमेवर पहाऱ्याला गेलेली आपली मुले आणि पुढे नातवंडे घरी परत आली. ज्या आईबापांनी 1973 साली रात्री जागून काढल्या, त्यांना याची किंमत अधिक ठाऊक आहे.

गच्चीवर टकळी घेऊन बसलेल्या त्या मुलाने ज्यांचे अनुकरण केले, ते गांधीजी 1948 साली आपल्याच देशबांधवाच्या गोळीने गेले. सादात 1981 साली आपल्याच सैनिकाच्या गोळीने गेले. आणि 1995 साली आपण आपले पंतप्रधान यित्झाक राबीन यांना असेच गमावले. तिघांच्याही वेळी मारेकरी समोरच्या छावणीतला नव्हता.

सादात यांना संत ठरवावे, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांनी ते विसरावे, असेही म्हणत नाही. इतकेच म्हणतो, की दारे लावून बसलेल्या दिवशी जो आपल्यावर चालून आला, तोच चार वर्षांनी हातात शस्त्र न घेता दारी आला, आणि आपण दार उघडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नातवंडांना सांगताना दोन्ही सांगाव्यात. आपल्या या प्रार्थनालयाच्या पुढील वर्धापनदिनी अशीच शांतता चोहीकडे नांदो, एवढीच प्रार्थना. आमेन.